सरांसाठी कॅन्टीनची बाटली

आमच्या धाकट्या जयराजचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. मांडव उतरला तेव्हा थोरल्याची सृष्टी बारावीला होती. तिला बंगळूरच्या एका कॉलेजात शिकायचं होतं. त्या कॉलेजाला नुसते मार्क पुरत नव्हते. पोरगी कशी आहे, हे तिच्या शिक्षकानं स्वतः लिहून परस्पर पाठवायचं होतं. तिचे फिजिक्सचे अफताब मुल्ला सर मलकापुरात राहत. महिनाभर संध्याकाळचे तिला घेऊन बसत आणि अर्ज भरून घेत. पत्रही तेच लिहिणार होते.

आमच्या मालकांनी विचारलं, कसलं पत्र? सृष्टी म्हणाली, शिफारसपत्र.

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडं शिफारस म्हणजे वशिला. आणि वशिला म्हटलं की मालकांना एकच रीत ठाऊक होती. ते फौजेतून हवालदार होऊन आलेले. साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधून त्यांना कोट्याची बाटली मिळे. स्वतः कधी थेंब घेतला नाही. डीपी जळला की बाटली वायरमनला, बोअर आटली की मशीनवाल्याला. गावात लोक म्हणत, हवालदारांची पेन्शन बँकेत आणि वट बाटलीत.

ते पिशवी भरायला लागले तेव्हा मी म्हटलं, "आवं, मास्तर माणूस हाय त्यो. सृष्टीला तरी इचारा."

"शिफारस कुणी फुकट करतंय व्हय?" म्हणाले, आणि वर एक नारळ ठेवून गेले.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. सरांच्या आई खातूनबींनी चहा दिला. पिशवीत भाजी असेल म्हणून त्या ती आत घेऊन गेल्या. तशाच परत आल्या आणि पिशवी मालकांच्या पायाशी ठेवून आत गेल्या. सरांनी वाकून पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हवालदार, पोरगी स्वतःच्या हिमतीवर शिकते, असं मी लिहिणार आहे. ही बाटली घेतली तर ते खोटं होईल. मग मला लिहिता यायचं नाही."

मालक पिशवी घेऊन परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. सृष्टीला कळलं तेव्हा ती आजोबांशी बोलेना, जेवेना. मुदत त्याच आठवड्यात संपत होती. सर आता लिहितात की नाही, कुणाला ठाऊक? फोन करून विचारायची तिची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी मालक मला म्हणाले, चल माझ्याबरोबर. कुणाच्या दारात रिकामं जायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. एसटीत त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. कधी मांडीवर ठेवत, कधी पुढच्या दांडीवर.

सरांच्या दारात ते उभे राहिले. "सर, मोकळ्या हातानं आलोय."

"मग आत या," सर म्हणाले. "पत्र कालच पाठवलं. तुम्ही बाटली परत नेलीत, मग मला लिहायला काय अडचण होती?"

खातूनबी चहा घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "नारळ तेवढा ठिवायचा व्हता की. त्यानं काय केलं व्हतं?"

मालक हसले तसा माझा जीव खाली पडला. मग त्यांनी विचारलं, "पर सर, तुमचं उतराई व्हायचं कसं?"

सर म्हणाले, पोरगी लागली कॉलेजला, तर सुट्टीला आल्यावर माझ्या वर्गात पाठवा. मागून येणाऱ्या पोरांना सांगू दे, अर्ज कसा भरायचा, काय चुकतं. ऐकून मालकांचं समाधान झालं नाही. ही काय भेट झाली, असं वाटेत दोनदा म्हणाले.

सृष्टीला प्रवेश मिळाला. दिवाळी संपवून परत जायच्या आधी ती सरांच्या वर्गावर गेली. मालक इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. शिफारस म्हणजे वशिला नव्हे, हे सांगताना पोरीनं बाटलीची गोष्टही सांगून टाकली. वर्गातली पोरं मागं वळून बघायला लागली. सगळ्यांच्या आधी मालकच हसले. येताना खातूनबींना एक नारळ देऊन आले.

पुढं सरांची बदली सांगलीला झाली. तरी दर दिवाळीला सृष्टी त्यांच्या नव्या वर्गावर जाते. पहिली दोन वर्षं मालक तिच्याबरोबर गेले. आमच्याकडं दुःख झालं तेव्हा सर सांगलीहून आले आणि ओट्यावर मालक बसायचे तिथंच बसले. मोकळे हात मांडीवर ठेवून बराच वेळ बसून होते.

आमचे मालक, हवालदार लालासाहेब, दोन हजार पंचवीस साली, दिवाळीनंतर पंधरवड्यात वारले.