दुसरी सही

लाल गोल उजव्या कानावर, निळा डाव्या. तिने हेडफोन म्हाताऱ्याच्या डोक्यावर नीट बसवला, त्याच्या मुठीत बटण दिलं आणि दिवसातून वीसदा म्हणायचं वाक्य म्हटलं.

"कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. अंदाजाने मात्र दाबायचं नाही."

"अंदाजाने?" तो हसला. "ताई, चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय."

ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिने आवाजबंद खोलीचं जाड दार ओढून घेतलं आणि काचेच्या अलीकडे आपल्या यंत्रासमोर येऊन बसली.

पक्षीमंडळात त्याला सगळे कानसाहेब म्हणत. एखादा अनोळखी पक्षी दिसला नाही, नुसता ऐकू आला, तर मंडळाच्या वहीत त्याची नोंद व्हायला दोन सह्या लागायच्या. पहिली ऐकणाऱ्याची आणि दुसरी कानसाहेबांची. एकट्याने ऐकलेलं धरायचं नाही, असा नियम होता. नियमात तसं वावगं काही नव्हतं. दुसरा कान कायम एकाच माणसाचा, एवढीच काय ती गोम.

बारा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी त्या वहीत पहिली सही केली होती. वडील शिंपी. पहाटे उठून गावाबाहेरच्या दलदलीकडे जायचे आणि दुकान उघडायच्या वेळेला चिखलाचे पाय घेऊन परतायचे. एका पहाटे त्यांना तीन शिट्ट्या ऐकू आल्या, त्यातली मधली अर्ध्यावरच मोडलेली. असा पक्षी कुठल्याच यादीत नव्हता. पुढचे दोन महिने रोज जाऊन त्यांनी तो आवाज एकदाचा कॅसेटवर पकडला. सभेत टेप लावली तेव्हा डोक्यावर सहा पंखे खडखडत होते. कानसाहेबांनी एकदाच ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्या सहीच्या जागी एकच शब्द लिहिला: भ्रम.

"टेलरमास्तर, मशीनला तेल घाला, पक्षी आपोआप उडून जाईल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह खो खो हसलं. चौदा वर्षांची ती वडिलांच्या शेजारीच बसली होती. वडीलही हसले. तिला सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचं हसणं.

त्यानंतर ते दलदलीकडे फिरकले नाहीत. दुर्बीण चिंध्यांच्या पेटीत गेली. आता डोळेही अधू झालेत. तरी खिडकीपाशी काज करता करता त्यांचा हात मध्येच थांबतो, मान तिरकी होते. तिने पाहिलं की लगेच सुई चालू होते. "काही नाही गं," म्हणतात.

आज सकाळी तपासणीच्या यादीत कानसाहेबांचं नाव वाचलं, तेव्हा तिला आनंद झाला. असा आनंद होणं बरं नाही हेही तिला कळत होतं, पण झाला. आयता तावडीत सापडला होता. कॅसेटवरचा तो आवाज तिने कधीच स्वच्छ करून ठेवला होता. रुग्णाला शब्द ऐकवण्यासाठी यंत्राला जी वायर असते, त्या वायरीने तो आता आतल्या हेडफोनला जोडलेला होता.

आधी तिने रीतसर तपासणी केली. कामात खोट ठेवायची नव्हती. जाड आवाजांना बटण पटापट दाबलं जात होतं. आवाज बारीक होत गेले तशी बोटं थबकू लागली. शेवटचे पाच आवाज तर आले आणि गेले, म्हातारा बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखा वाट पाहत बसलेला. पडद्यावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली आली.

मग तिने वडिलांचा पक्षी लावला. तीन शिट्ट्या, जाडसर, मधली मोडलेली.

त्याने बटण दाबलं नाही. ते त्याच्या हातातून गळूनच पडलं. मान तिरकी झाली, अगदी वडिलांची होते तशी, आणि हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तिने पुन्हा लावला. तो जागचा उठून उभा राहिला.

तिने दार उघडलं.

"ताई, हा कुठला?"

"काय कुठला?"

"आत्ताचा. तीन शिट्ट्या. मधली मोडली. पक्षी आहे तो! मी आजवर ऐकला नाही, पण पक्षीच आहे."

"शेवटी मी कुठलाच आवाज सोडला नव्हता, सर."

"दोनदा आला."

"यंत्र बंद होतं."

त्याने हेडफोन उतरवून तिच्यापुढे धरला. "पुन्हा लावा. एकदाच. मी लिहून देतो, सही करून देतो तुम्हाला. मी ऐकलाय तो."

हीच ती घटका. बारा वर्षं तिने मनातल्या मनात घोटलेली.

"तुम्ही एकट्यानेच ऐकलात ना?" ती म्हणाली. "मला तर काही ऐकू आलं नाही."

तो खुर्चीत बसला. तिने अहवाल लिहायला घेतला. बारीक आवाज जवळजवळ गेलेले, असं लिहिलं आणि ते खरंच होतं. त्याच्याखाली, अक्षर मुद्दाम मोठं काढून, आणखी एक ओळ लिहिली: नसलेले आवाज ऐकू येतात. भ्रम. कागद तिने त्याच्या हातात दिला आणि तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. ते तोंड पडताना तिला बघायचं होतं.

त्याने चष्मा लावून ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि पडायचं सोडून तोंड हळूहळू सैल झालं. त्याने मोठा श्वास सोडला.

"सुटलो बघा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बारा वर्षांपूर्वी एक शिंपी असंच सांगत आला होता. तीन शिट्ट्या, मधली मोडकी. टेपवर मला पंख्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. मी भ्रम म्हणून लिहून टाकलं, पण मनात खुटखुट राहिली. माणूस खोटं बोलणारा वाटला नव्हता हो." कागदाची तो नीट घडी घालत होता. "मघाशी आत बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. इथून उठायचं ते थेट त्याचं घर शोधायचं, पाय धरायचे आणि वहीत सही करायची. पण काही वाजलंच नाही म्हणता. म्हणजे त्याने सांगितलेलंच माझ्या कानात घोळत राहिलं, आणि त्याच्याही कानातच होतं ते. माझं चुकलं नव्हतं."

तिची नजर यंत्राच्या वायरीकडे गेली.

"आता मंडळाचं काम सोडतोच. पण तुम्ही मनावरचं मोठं ओझं उतरवलंत, ताई. देव तुमचं भलं करो."

अहवाल छातीशी, खिशात ठेवून तो दाराबाहेर पडला. ती टेबलापाशीच राहिली. वडिलांच्या पक्ष्याला दोनदा नाही म्हटलं गेलं होतं. पहिल्यांदा त्याने, आणि आता तिने. तिचं तर सहीनिशी होतं.

जिन्यातून शिट्टी ऐकू आली. म्हातारा पायऱ्या उतरता उतरता स्वतःशीच वाजवून पाहत होता. तीन सूर, मधला अर्ध्यावर मोडलेला. दोनदाच ऐकून इतका हुबेहूब दुसऱ्या कुणालाच जमला नसता.

ती धावत जिन्याच्या तोंडाशी आली.

"सर!" तिने हाक मारली. तिचा आवाज मुळात बारीक, आणि त्याची तिच्याकडे पाठ. "सर, तो होता! माझ्या बाबांचा!"

खालच्या वळणावर कठड्यावरचा हात तेवढा दिसत होता. शिट्टी थांबली नाही.