मऊ गादीवरचं गार पिल्लू

शिलाई मशीन थांबलं, सोफे दुरुस्तीच्या दुकानात दुपारची शांतता पसरली आणि तेवढ्यात कुठूनतरी "चीं" असा आवाज आला. वाळकी काडी मोडावी इतका बारीक.

मशीन चालवणारीने कापडावरचा हात उचलला आणि कानोसा घेतला. तिचा नवरा जमिनीवर बसून एका खुर्चीचे पट्टे ताणत होता, तोंडात खिळे धरून. त्यांची पाच वर्षांची लेक फोमच्या कातरणांत लोळत होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि का म्हणतात ते तिला घटकाभर पाहिलं की कळायचं.

"काय वाजलं हो?"

"स्प्रिंग," नवरा खिळ्यांआडून बोलला. "सकाळी मास्तरांकडून आणलाय ना सोफा, त्याची. आतून गंजलाय पार."

पुन्हा "चीं".

"वर कुणी बसलेलं नसताना स्प्रिंग वाजते?"

आयुष्य सोफे उसवण्यात गेलेल्या माणसाला बायकोने हे विचारावं, हे काही त्याला रुचलं नाही. पण खिळे काढून ठेवून तो उठला खरा.

दोघांनी सोफा उलटा केला. खालचं काळं अस्तर एका कोपऱ्यात फाटलेलं होतं. तिने ते कात्रीने आणखी उसवलं, आत हात घातला, आणि काथ्याच्या गुंत्यात बोटांना काहीतरी लिबलिबीत, वळवळणारं लागलं. तोंडापर्यंत आलेली किंकाळी तिने कशीबशी गिळली. हातात आलं ते मांजराचं पिल्लू. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, शेपटी म्हणजे नुसतं सुतळीचं टोक.

"आई, हे सोफ्यात उगवतं?" भिंगरीने विचारलं.

मास्तरांना फोन लावला. "मांजर? आमच्याकडे कुठलं मांजर?" असं म्हणून ते थोडे थांबले. "हां, सोफा मागच्या व्हरांड्यात पडून होता बघा. एक करडी मांजरी यायची तिकडे. आज सकाळीच तोंडात काहीतरी धरून भिंतीवरून गेली. मी म्हटलं, उंदीर असेल."

तो उंदीर नव्हता. मांजरी आपलं बिऱ्हाड हलवत होती, एकेक पिल्लू उचलून. शेवटच्या खेपेला ती परत येण्याआधीच यांचा टेम्पो तिचं घर घेऊन निघून गेला होता. सोफा चढवताना मागच्या बाजूला आपलाच हात होता, हे तिला आठवलं.

नवऱ्याने मात्र लगेच कंबर कसली. दुकानातला सगळ्यात भारी फोम कापला, त्याला खोलगट आकार दिला, वर मखमलीचा तुकडा ताणून बसवला. गिऱ्हाइकाच्या सोफ्यालाही त्याने कधी इतकी माया लावली नसेल. पिल्लू त्यात ठेवलं. थोडं चुळबुळलं आणि गप्प झालं.

"बघ, झोपलं," तो म्हणाला. "गादी कुणाची आहे."

पण तिला चैन पडेना. सारखा हातातला टाका टाकून ती बघायला जायची. हे श्वास तरी घेतंय ना? हे पंजे असे कुणाला चाचपतात? भिंगरी तान्ही असताना झोपली की तिचे तळपाय कसे गरम लागायचे, ते तिला आठवलं. तिने एका बोटाने पिल्लाचं पोट चाचपलं. फरशीसारखं गार.

मग मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. पिल्लू मुठीत, लेक काखोटीला, अशी ती रस्ता ओलांडून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली. मागोमाग गादी घेऊन नवरा.

"दूध पाजलंत का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, पाजणारच होते."

"नशीब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध."

"अहो, पण एवढ्या मऊ गादीवर ठेवलंय," नवऱ्याने गादी पुढे केली.

बाईंनी ती दाबून पाहिली. "छान झालीये. पण गादी ऊब धरून ठेवते, तयार करत नाही. आणि याच्याकडे स्वतःची ऊब अजून नाहीच म्हणा ना. आईच्या पोटाची घेऊन जगतं ते."

नवऱ्याने गादी हळूच पाठीमागे लपवली.

"आमच्या हाताचा वास लागलाय," तिने चाचरत विचारलं. "आता त्याची आई त्याला टाकेल का?"

"वासाने सहसा नाही टाकत. गारठलेलं, निपचित पडलेलं मात्र सोडून देऊ शकते. तिला वाटतं, गेलं हे. म्हणून हे गरम आणि धडधाकट तिच्यापुढे गेलं पाहिजे. मग घेईल. बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर तिचा जीव टांगून राहिला.

तिने पिल्लू अंगाशी धरलं, कपड्याच्या आत, थेट कातडीला. हळूहळू ते तापू लागलं. मग बाईंनी दिलेलं पिल्लांचं दूध पाजायला घेताना तिने सवयीने त्याला कुशीत उताणं धरलं. बाईंनी तिथल्या तिथे पालथं केलं. "हे माणसाचं बाळ नव्हे. पोटावर झोपूनच पितं. उताणं पाजलं तर दूध छातीत जाईल." आणि शेवटी कोमट ओल्या कापसाने त्याची शी-शूची जागा पुसून दाखवली. आई चाटल्याशिवाय त्याला शूसुद्धा होत नाही म्हणे.

"म्हणजे आई सांगते, आता कर?" भिंगरीचे डोळे विस्फारले.

"तसंच."

घरी हे काम आलं तेव्हा नवरा म्हणाला, "एवढंच राहिलं होतं बघायचं."

"लेकीचे लंगोट धुवायच्या वेळी तुम्हाला बरोबर फोम आणायला जायचं असायचं," ती म्हणाली. "धरा तो कापूस."

त्याने बाह्या वर सारून धरला. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्यानेच गादीखाली सारली, आणि पाणी निवतंय का हे रात्रभर तोच बघत राहिला. तेवढीच गादीची लाज राखायला.

सकाळी मास्तरांचा फोन आला. "अहो, ती मांजरी सोफ्याच्या रिकाम्या जागेवर येऊन बसलीये. कुणाला विचारायचं ते तिला कळेना, म्हणून मीच फोन केला."

निघताना पिल्लू गरम होतं, पोट भरलेलं होतं आणि घसा फोडून ओरडत होतं. कालच्या त्या "चीं"चा आता चांगला गळा झाला होता. पिल्लाचं खोकं मास्तरांच्या व्हरांड्यात ठेवून सगळे त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीआड गेले.

मांजरी भिंतीवरून उतरली. खोक्याशी आली, वास घेतला आणि मागे फिरली. खिडकीआड नवऱ्याने बायकोचं मनगट धरलं होतं, ते आवळलं.

पिल्लू ओरडलं. मांजरी थबकली, वळली, खोक्यात उतरली. डोक्यापासून शेपटीपर्यंत तिने ते हुंगलं आणि मग चाटायला लागली. चांगलं घासून, जणू परक्या हातांचा सगळा वास काढून टाकायचा होता. चाटून झाल्यावर मानेला धरून उचललं.

भिंतीवर चढल्यावर ती एकदा थांबली. पिल्लू तोंडात लोंबत होतं, गप्प. तिने वळून थेट खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ. आणि मग पलीकडे उतरून गेली.

मास्तरांनी सुस्कारा सोडला. नवरा उगाचच रिकामं खोकं उचलायला गेला. बायकोच्या छातीशी, जिथे काल पिल्लू होतं तिथे, अजून थोडं ओरबाडल्यासारखं होत होतं.

भिंगरी मात्र भिंतीकडेच बघत राहिली होती. मग तिने आईचा हात ओढला.

"आई, तिला आपण चोर वाटलो का गं?"