टेकाडापलीकडचं घर

जावयांनी सुट्टीचा बेत सांगितला तेव्हा मी भाजी निवडत होते. समुद्र नको, थंड हवेचं ठिकाण नको, यंदा वाळवंटात पायी फिरायचं. आणि तेही बाबांनी जिथे नोकरी केली त्याच भागात. राहायच्या खोल्या, गाडी, चालायची वाट, सगळं ठरवूनच आले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते. पेपर तसाच धरलेला, पण पान काही उलटत नव्हतं.

"झेपेल का तुम्हाला?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? तुझा गुडघा बघ."

हे त्या वाळवंटात अकरा वर्षं होते. ग्रेडर चालवायचे. लांबलचक यंत्र, पोटाखाली आडवं लोखंडी पातं. वाऱ्याने रस्त्यावर आणून टाकलेली वाळू सकाळी त्या पात्याने बाजूला सारायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा गेले, ती सोळाची झाली तेव्हा कायमचे परत आले. मधे दर दोन वर्षांनी एक महिना सुट्टी. परत आले त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

या अठरा वर्षांत त्या वाळवंटाचं मी इतकं ऐकलंय की सगळं तोंडपाठ आहे. वारा कुठल्या महिन्यात कुठून सुटतो, थंडीत पहाटे इंजिन कसं रुसून बसतं, छावणीतला आचारी कांदा चिरायच्या ऐवजी मुठीने कसा फोडायचा. पण त्या अकरा वर्षांत मी काय केलं, हे ह्यांनी एकदाही विचारलं नाही. माणूस वाईट म्हणून नव्हे. ह्यांना वाटायचं, घर होतं तिथेच होतं, बायको घरात होती, त्यात विचारायचं काय? ह्यांची पत्रं शेजारच्या बाई वाचून दाखवायच्या, माझं उत्तरही त्याच लिहायच्या. परक्या माणसाच्या हातून जेवढं जाईल तेवढंच जायचं. सर्व खुशाल, काळजी नसावी. मी मनाशी म्हणायचे, परत आले की सांगेन. परत आले, तर ह्यांचंच सांगणं संपेना. मग ठरवलं, विचारतील तेव्हाच सांगायचं, आपणहून नाही, आणि पोरीलाही सांगू द्यायचं नाही. हट्ट म्हणा. त्या हट्टासकट मी वाळवंटात निघाले.

सकाळी सातला गाडीवाल्याने आम्हाला एका वळणावर सोडलं आणि दोन वाजता पुढे जुन्या छावणीपाशी घ्यायला येतो म्हणून तो निघून गेला. आम्ही पाच जण. मी, हे, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात. तिला आम्ही भुंगा म्हणतो, कारण तिचं तोंड बंद नसतं. थंडी होती. समोर वाळू, आणि वाळूत दोन्ही बाजूंना लांबवर गंजलेली पिंपं एका रांगेत उभी. कधीकाळी पांढरी असावीत.

"आजोबा, रस्ता कुठाय?"

"तुझ्या पायाखाली."

ह्यांनी बुटाच्या टोकाने वाळू सारली. चार बोटं खाली काळं डांबर दिसलं. नवा रस्ता दुसरीकडून गेल्यावर हा कुणी झाडेना, म्हणून वाळूने आपला परत घेतला, असं हे म्हणाले आणि चालू लागले.

त्यांचं ते चालणं मला नवीन होतं. घरी हे कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी दोनदा थांबतात. इथे मान ताठ, पाऊल लांब, नजर पुढे. रस्त्याच्या कडा दाखवायला ठेवलेल्या त्या पिंपांच्या मधून चालत होते, पण पिंपांकडे बघत नव्हते. रस्ता वळला की पाय आधी वळायचे. मधेच थांबून एका वाळूच्या उंचवट्याकडे बोट करायचे.

"हा नवीन आहे. हा नव्हता इथे."

"बाबा, अठरा वर्षांनी आलाय. काहीतरी नवीन असणारच," जावई म्हणाले.

"नव्हता म्हणजे इथे नसायला हवा. वारा बदललाय."

मुलगी माझ्या कानाशी आली. "आई, बाबा काहीतरी गुणगुणतायत."

मी ऐकलं होतं. घरी हे कधी गुणगुणत नाहीत. घरी हे पाहुण्यासारखे राहतात. चहा मिळाला तर घेतील, नाही मिळाला तर मागणार नाहीत. खुर्ची सरकवायची झाली तरी आधी माझ्याकडे बघतील. मला इतकी वर्षं वाटायचं, घराची सवय मोडली असेल, हळूहळू लागेल. त्या सकाळी मात्र कळलं की ह्यांना घरी बसून कसली आठवण यायची. इथे हे यजमान होते आणि पाहुणे आम्ही. सवत असती तर मी भांडले तरी असते. वाळूशी कोण भांडणार?

साडेदहाच्या सुमाराला छावणीची जागा आली. छावणी कसली, सिमेंटचे आठ चौथरे आणि जमिनीतून वर आलेली एक वाकडी नळी. पत्र्याच्या खोल्या केव्हाच कुणी उचलून नेल्या होत्या. हे तिसऱ्या चौथऱ्यावर चढले.

"इथे माझी खाट. इथे डोकं. इथे दार. आचाऱ्याची चूल तिकडे, म्हणजे धूर बरोबर आमच्या तोंडावर."

भुंगा खाटेच्या जागी आडवी झाली. "आजोबा, टोचतंय."

"मलाही टोचायचं."

आम्ही उकडलेली अंडी आणि पाव काढले. हे मात्र चौथऱ्याच्या कडेला पाय सोडून बसले. समोर, बराच लांब, एक बुटकं लांबट टेकाड होतं. वाळूचं नव्हे, दगडाचं. त्याच्याकडे तोंड करून बसले आणि एकदम सैल झाले.

"संध्याकाळी काम आटोपलं की आम्ही सगळे असेच बसायचो. इथे रांगेत. वीस-बावीस जण."

"असेच म्हणजे?" मुलीने विचारलं.

"असेच, टेकाडाकडे तोंड करून. तिकडे घर ना. अर्धा तास कुणी बोलायचं नाही. मग आचारी पळी आपटायचा की उठायचं."

जावई तोंडात घास घेऊन म्हणाले, "तिकडे कुठे घर?"

"तिकडेच. टेकाडाच्या डाव्या टोकाच्या जरा अलीकडे."

जावयांनी फोन काढला. माणूस चांगला आहे, पण खरं-खोटं केल्याशिवाय अन्न पचत नाही. बोटाने नकाशा इकडे-तिकडे केला, उभे राहून स्वतः फिरले.

"बाबा, घर मागे आहे."

"काय मागे आहे?"

"तुमच्या पाठीमागे. हे बघा. आपण इथे आहोत, घर इकडे. अगदी उलट."

"फोन उलटा धरलायस."

"बरोबर धरलाय. हे काखेत कळसा झालं, बाबा."

मुलीने त्यांना कोपराने ढोसलं, पण शब्द निघून गेला होता. ह्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, "सुट्टीची बस तिकडेच जायची. दर महिन्याला. ज्यांना रजा मिळाली ते खिडकीतून हात करायचे, आणि बस त्या टेकाडामागे दिसेनाशी व्हायची. घरी जाणारी बस तिकडे गेली म्हणजे घर तिकडेच ना?"

जावई आता हळू आवाजात बोलले. "रस्ता टेकाडाला वळसा घालून परत येतो, बाबा. मग तिकडून खाली. बसमध्ये कळत नसेल."

"बसलो की झोपायचो," हे म्हणाले. "सूर्य कुठे उगवतो ते दिसायचं. घर कुठे उगवतं ते कोण सांगणार?"

भुंगा हसली. बाकी कुणी हसलं नाही. ह्यांनी फोन परत दिला, वाळू झटकली आणि टेकाडाच्या दिशेने चालू लागले.

"बाबा, कुठे? दोनला गाडी येईल," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, अगं थांबव ना त्यांना."

"तुम्ही बसा. मी बघते."

"तुझा गुडघा..."

"गुडघा माझ्याबरोबरच येतोय. चहा ठेव थोडा."

टेकाड जवळ वाटत होतं, पण पोचायला चाळीस मिनिटं लागली. दुरून डोंगर साजरे म्हणतात, जवळून ते नुसते दगड असतात. पायाखाली खडी सरकत होती. हे पुढे, मी मागे. एकदा वळून हात पुढे केला, मी धरला, वर पोचेपर्यंत सोडला नाही. मला भीती वाटत होती, हे इथेच कुठेतरी राहून जातील आणि घरी मी एक रिकामा माणूस घेऊन जाईन.

वर आलो. पलीकडे सपाट खडीचं मैदान होतं. एक झुडूप नाही, एक खांब नाही.

"एवढंच," हे म्हणाले.

"काय हवं होतं?"

"काही नाही. माहीत होतं काही नसणार." खाली बसले. मीही बसले. "सुट्टीच्या दिवशी येता आलं असतं इथवर. पण आलो नाही कधी. चढलो असतो, हे दिसलं असतं, तर मग संध्याकाळी बघायचं कुठे?"

वारा कपड्यात शिरत होता. मी पदर डोक्याला गुंडाळला.

"इथून आपली गल्ली सुरू व्हायची," हे म्हणाले आणि बोटाने दाखवू लागले. "तो काळा दगड दिसतोय? ते सायकलवाल्याचं दुकान. तीन घरं सोडून आपलं. सहा वाजले की तू दारात उभी, पोरगी पायरीवर. रोज बघायचो. ऊन असलं की डोळ्यावर हात घेऊन तू इकडे बघायचीस. मग आचारी पळी आपटायचा." माझ्याकडे वळले. "असायचीस ना गं?"

अठरा वर्षांत पहिला प्रश्न. आणि तोही असा, की हो म्हटलं की संपला.

हो म्हणणं सोपं होतं. दिशा तर मघाशीच गेली होती, आता दारातली बाईही काढून घ्यायची? मी त्या काळ्या दगडाकडे बघितलं. आपण हो म्हटलं तर ती दारातली बाईच ह्यांच्याजवळ राहणार, असं वाटलं, आणि मी पुन्हा बाहेरच.

"नाही," मी म्हणाले. "सहाला मी घरी नसायचे."

"मग?"

"गणवेश शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात. बसथांब्याच्या मागे. चार ते आठ. काजं करायचे मी."

ह्यांना कळेना. "पैसे पुरत नव्हते?"

"पुरत होते. संध्याकाळी घर खायला उठायचं."

मी बोलून बसले होते, आता मागे घेता येणार नव्हतं. खाली चौथऱ्यांवर आमची तीन माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"पोरगी कुठे असायची?"

"टेबलाखाली. चिंध्यांच्या ढिगावर अभ्यास करायची, तिथेच झोपायची. आठला उचलून आणायचे. मोठी झाली तशी टेबलावर आली, बटणं लावायला."

"मी रजेवर यायचो तेव्हा?"

"तेव्हा मास्तर मला महिनाभर रजा द्यायचे. म्हणायचे, साहेब आले का? जा मग."

"साहेब," हे म्हणाले. "मला?"

"तुम्हालाच."

ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, बघितलं तर हसत होते. मग पुन्हा बघितलं तर नक्की काय ते कळेना.

"म्हणजे मी भलतीकडे बघत होतो, आणि बरोबर बघितलं असतं तरी तू नव्हतीस तिथे."

"नव्हते."

"आणि सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीत."

ह्यांनी एक खडी उचलून हातात फिरवली. मी उठायचा विचार करत होते. तेवढ्यात म्हणाले, "काज कसं करतात?"

मी त्यांच्या सदऱ्याचं दुसरं बटण काढलं आणि काज दोन बोटांत धरलं. "आधी चीर द्यायची, बटणाहून किंचित मोठी. मग कडेकडेने टाके, एकाला एक चिकटून. दोन्ही टोकांना आडवा टाका घ्यायचा, नाहीतर फाटतं. इथे बघा, हा यंत्राचा आहे. मशीनला आडवा टाका नीट जमत नाही."

"एका दिवसात किती?"

"आधी वीस. नंतर साठ-साठ."

"किती वर्षं?"

"नऊ."

ते विचारत गेले, मी सांगत गेले. दुकानात किती जण होते, मी कुठे बसायचे, उजेड कुठून यायचा. इस्त्रीखाली ओलं कापड आलं की जो वास सुटतो त्याचं सांगितलं. जूनच्या आधी कापडाचे गठ्ठे छतापर्यंत लागायचे आणि आम्ही त्यांच्या आड चहा प्यायचो, ते सांगितलं. ते दुकान पडून तिथे दवाखाना झाला त्याला किती वर्षं झाली, पण मला ते अजून हवं आहे, हे मलाही त्या टेकाडावरच कळलं. हे माझ्याकडे बघत होते. सकाळपासून मी ह्यांच्याकडे जसं बघत होते, तसंच.

खालून जावयांनी शिट्टी मारली. हातातलं घड्याळ दाखवत असावेत, इतक्या लांबून कुणाला दिसणार होतं ते. मी उठायला हात टेकला.

"बस," हे म्हणाले, आणि खाली हात करून थांबा म्हणून खूण केली. "मास्तरांचं राहिलं. शिव्या द्यायचे का?"

"द्यायचे की. पण आम्हाला नाही, कात्रीला."

"कात्रीला काय म्हणायचे?"