हसू नका

फोटोवाल्याचं दुकान कचेरीच्या दारासमोर. अर्जाला लावायचे फोटो, दुसरं काही नाही. कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत. तीस वर्षं त्या माणसाच्या तोंडी एकच मंत्र, "हसू नका, तोंड मिटा, इकडे बघा."

बायको गल्ल्यामागे बसून फोटो कापायची आणि गिऱ्हाइकांची थट्टा करायची. ती हसवायची, हा खेकसायचा. एकदा तिनं विचारलं, "अहो, सुख म्हणजे काय हो, तुमच्या मते?" हा म्हणाला, "गिऱ्हाईक एका फोटोत उठलं पाहिजे." घ्या! असल्या माणसाशी संसार करायचा, तोही हसत. धन्य ती बाई.

मग तिला जिवावरचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, आईचा एक हसरा फोटो काढून ठेवा. घरात एकही नाही." खरंच नव्हता. गावभरचे चेहरे याच्या दुकानातून गेले, आणि बायकोचे फोटो मोजून चार, चारही अर्जांचे.

त्यानं तिला रिक्षातून दुकानात आणलं, स्टुलावर बसवलं. हातापायांच्या नुसत्या काड्या झालेल्या. तीही सवयीनं तोंड मिटून ताठ बसली.

"अगं, हस ना."

"उगाच कशी हसू? हसवा की."

याला कुठला विनोद येतोय! घसा खाकरला, डोकं खाजवलं, शेवटी म्हणाला, "एक होता... एक माणूस होता." पुढे सुचेना. आणि मागं सरकताना दिव्याच्या वायरीत पाय अडकून धपकन खाली बसला.

ती हसली. पूर्वीसारखी, डोळे मिटून, खांदे हलवत. तो तसाच उठला, कॅमेऱ्याला डोळा लावला. समोर तेच हसू, अगदी हवं तसं. बोट बटणावर गेलं आणि त्याबरोबर तोंडातून निघून गेलं, "हसू नका, तोंड मिटा."

तिनं मिटलं. फोटो निघाला.

"अगं, चुकून... पुन्हा हस."

"दमले हो. उद्या काढू."

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. नवव्या दिवशी गेली.

मुलीनं फोटो मागितला. त्यानं मोठा करून, चौकट घालून पुढे ठेवला. तिनं बराच वेळ पाहिला.

"बाबा, यात आई हसत नाहीये."

"हसली होती गं. मी पाहिलं ना. खूप हसली होती."

"मग?"

त्यानं सांगितलं. जसं झालं तसं, एकही शब्द न गाळता. मुलीनं चौकट उचलली, त्याच्याकडे तोंड करून टेबलावर ठेवली, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. नवी नोकरी लागलेली एक पोरगी स्टुलावर बसली, गालातल्या गालात हसत. तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला. बोट बटणावर ठेवून तो तिचं हसू बघत राहिला.

"काका, काढताय ना?"

"हो," तो म्हणाला. "बाळ, तोंड मीट."