भाचीचे पाच मार्क

इंटर्नशिप म्हणजे काय, हे आईला समजावताना माझी पहिली चूक झाली. "परीक्षेसारखंच असतं गं," मी म्हणाले. "दोन महिने कंपनीत काम करायचं, मग ते मार्क देतात. चांगले पडले तर तिथेच नोकरी." शहापूर तालुक्यातल्या आमच्या खर्डीच्या घरात आई तांदूळ निवडत बसली होती. तिने नुसती मान हलवली आणि संध्याकाळी माहेरी फोन लावला.

कंपनी अंधेरीतली, काचेची. धंदा सल्ला देण्याचा. तिथे कुणी काही बनवत नाही, विकत नाही, दुरुस्तही करत नाही, तरी सकाळपासून सगळे घाईत असतात. उंटावरून शेळ्या हाकायच्या, हे आमच्याकडे टोमणा म्हणून म्हणतात. इथे त्याची पदवी मिळते आणि मला ती हवी होती. खोटं कशाला बोलू? वर्गातल्या कुणाला असली कंपनी मिळाली नव्हती. गळ्यातलं ओळखपत्र मी खर्डी स्टेशनावर उतरल्यावरसुद्धा काढायची नाही.

माझ्या मॅनेजर प्रियांका मॅडम, वय सत्तावीस, मनाने चांगल्या. त्यांच्याकडे एक प्रोजेक्ट आला. एका साबणाच्या कंपनीने मुरबाड तालुक्यातल्या नऊ वाड्यांवर सौर पंप आणि दारोदारी नळ बसवून दिले होते. ते नळ चालतात की नाही, हे आम्ही सांगायचं होतं. नळ चालतो का हे बघायला नळ फिरवावा लागतो, अशी माझी समजूत. तसं नसतं. त्याला बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म असतो, आणि प्रत्येक प्रश्नाला एक ते पाचमध्ये मार्क द्यायचे असतात. एक म्हणजे अगदी नाराज, पाच म्हणजे पूर्ण समाधानी.

"मनस्वी, तू शहापूरची ना?" मॅडम म्हणाल्या. "मग मुरबाड तुझंच."

नकाशात दोन्ही तालुके चिकटून आहेत हे खरं. खर्डीहून मुरबाडातल्या वैशाखऱ्याला पोचेपर्यंत माणसाचा दिवस मोडतो, हे नकाशात नसतं. पण मी तोंड उघडलं ते भलत्यासाठीच. "मॅडम, त्यातली एक वाडी माझ्या आईचं माहेर आहे."

"परफेक्ट! लोक मोकळेपणाने बोलतील," मॅडम म्हणाल्या आणि फळ्यावर माझ्या नावापुढे त्यांनी 'लोकल एक्सपर्ट' असं लिहिलं.

मग त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. वाडीची सरासरी तीनच्या खाली आली तर साबणवाले दुसरा टप्पा करणार, म्हणजे नवी मोटर आणि मिस्त्री. तीनच्या वर गेली तर प्रोजेक्ट यशस्वी. फलक लावायचा, कागद गावाच्या हातात द्यायचे आणि निघायचं. आणि हे लोकांना मुळीच सांगायचं नाही. सांगितलं की डेटा खराब होतो.

आमच्याकडे भाची म्हणजे काय, हे त्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं. आईचं माहेर म्हणजे अख्खी वाडी मामा. मी बालवाडीत होते तेव्हापासून साठीचा काळूराम मामा माझ्या पाया पडतो. मी त्याच्या पाया पडायला गेले तर ओरडतो, पाप लागतं म्हणतो. आणि भाचीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. कधी काकड्या, कधी नाचणी, एकदा तर एसटीत जिवंत कोंबडी. कोंबडीचं तिकीट काढायचं की नाही यावर कंडक्टर आणि मामा यांचं टोकावड्यापर्यंत भांडण चाललं होतं.

मे महिन्यात आम्ही वाडीवर गेलो. मॅडमना रेंज फक्त खालच्या वळणावर मिळत होती, म्हणून त्या गाडीतच थांबल्या. मी टॅब घेऊन चढण चढले. काळूराम मामाची बायको, सकुबाई मामी, दारातच उभी होती.

"आली गो माजी भाची! बस. इचार काय इचाराचा तो."

"मामी, नळाला पाणी येतं का?"

"येतं ना."

मी नळाकडे पाहिलं. नळाच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. नळाच्या खांबाला शेळी बांधली होती.

"मामी, खरं सांग."

"समद्यात वरचा आकडा कंचा?"

"पाच."

"मंग पाच लिव. पुढला इचार."

असे बेचाळीस वेळा पाच. पाण्याची चव, पाण्याची वेळ, मिस्त्रीची वागणूक, सगळ्याला पाच. शेजारी रखमी मामीकडे गेले, तिथेही पाच. वाडीतले सगळ्यात म्हातारे देवराम आजोबा तर अंगणात वाटच बघत बसले होते. त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारला. "पास व्हाया किती लागतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईचा तो फोन! वाडीला वाटत होतं की हे मार्क मला पडणार. भाची परीक्षेला बसलीय, पेपर आपल्या हातात आहे, मग हात आखडता घ्यायचा कशाला?

मी तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगायचं नाही, असा नियम होता, आणि नियम माझ्या सोयीचा होता. सत्तावीस घरांचे सत्तावीस फॉर्म भरले आणि खाली उतरले. मॅडमनी गाडीतच आकडे पाहिले. "पाच पूर्णांक शून्य! असा डेटा मी कधी पाहिला नाही, मनस्वी. नोकरीचं मी वर बोलते." मला आनंद झाला. मुरबाडपर्यंत टिकला.

मुरबाडला गाडी चहासाठी थांबली आणि मला हिशेब लागला. पाच म्हणजे मोटर नाही. मामा-मामींनी मला जे दिलं होतं ते काकड्या-नाचणी नव्हतं. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्याचं पाणी त्यांनी मला देऊन टाकलं होतं, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि एकटीच एसटीने गेले. मामी घरी नव्हती. वाडीखालच्या विहिरीत पाणी तळाला गेलं होतं. बायका आळीपाळीने आत उतरून वाटीने खरवडून हंडा भरत होत्या. मामी आत होती. मी काठावरूनच ओरडले, "मामी, ती माझी परीक्षा नव्हती! नळाची होती!"

आतून आधी हंडा वर आला. मग मामी वर आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आदी सांगाचा ना गो."

देवराम आजोबांच्या अंगणात सगळे जमले. मी नियम, सरासरी, मोटर, सगळं सांगून टाकलं. आता खरं सांगा, मी फॉर्म पुन्हा भरते, म्हणाले. मला वाटलं, लोक चिडतील किंवा हसतील.

"म्हंजे तुजे पाच काढून घ्याचे?" काळूराम मामाने विचारलं.

"हो."

"तसा नाय व्हणार. भाचीला दिलेला माघारी घेत नाय."

अर्धा तास मी त्यांना विनवत होते, स्वतःच्या नळाला नावं ठेवा म्हणून. नोकरी मिळाली नाही तरी चालेल, असंही बोलून बसले. त्यावर मामी रडायलाच लागली. शेवटी देवराम आजोबांनी तोडगा काढला. "जुना कागद तुजा. त्याला हात लावाचा नाय. आता नळाचा नवा कागद कर. नळाला शून्य."

"शून्य नाही आजोबा. एकपासून सुरू होतं."

"एक कशाचा? त्यानं काय केलाय एक घ्यायला?"

त्या एका मार्कावरून मात्र वाडी खरोखर चिडली. फुकटचा मार्क द्यायला कुणी तयार होईना. रखमी मामी म्हणाली, शेळी बांधायला खांब कामाला येतो, त्याचा धरा एक. तसा धरला. कुंभारमाशीच्या घराचे, विहिरीचे, विहिरीत उतरलेल्या मामीचे मी फोटो काढले.

ऑफिसात मी सगळं मॅडमपुढे ठेवलं. जुने फॉर्म, नवे फॉर्म, फोटो. काय केलं तेही लपवलं नाही. मॅडम मला घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा आवाज इतका मऊ होता की साहेब आपल्यावर ओरडतायत हे कळायला वेळ लागायचा.

"पहिल्या फेरीत उत्तरं देणारे तुझे नातेवाईक होते. म्हणजे ती बाद. दुसऱ्या फेरीत तू त्यांना निकालाचा परिणाम सांगितलास. म्हणजे तीही बाद."

"पण सर, नळ कोरडा आहे. फोटो आहे ना."

"फोटो म्हणजे एका क्षणाचं चित्र, मनस्वी. डेटा नव्हे."

"मग आपण कुणीतरी जाऊन नळ फिरवून बघू."

साहेब हसले. चिडून नाही, कौतुकाने. नळ फिरवणं आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही, म्हणाले. त्यांनी वाडी यादीतून काढली. नऊच्या आठ वाड्या झाल्या, सरासरी चार पूर्णांक सहा आली, प्रोजेक्ट यशस्वी ठरला. इतर आठ वाड्यांवर कुणाच्या भाच्या गेल्या होत्या कोण जाणे. अहवालाच्या एकशे चार पानांत माझ्या मामाच्या वाडीचं नाव कुठेच नाही. मी तीनदा वाचला.

आणि मला नोकरी मिळाली. चूक स्वतःहून कबूल केल्याबद्दल. निरोपाच्या सभेत साहेबांनी माझं उदाहरण दिलं, सचोटी म्हणजे काय ते समजावण्यासाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नोकरीचं पत्र नाकारीन असं घरून निघताना ठरवलं होतं. टाळ्या थांबेपर्यंत मी सही केली होती.

वाडीवर जाऊन सांगणं भाग होतं. फोनवर सांगायचं धाडस नव्हतं, समोर जायचंही नव्हतं, पण गेले. चढण चढताना मी वाक्यं जुळवत होते. कक्षा, फेरी, बाद. वाडीच्या बोलीत एकही नीट बसेना.

मामीच्या अंगणात देवराम आजोबा आणि काळूराम मामा बसले होते. मामी नुकतीच विहिरीवरून आली होती, चुंबळ अजून डोक्यावर, हंडा ओट्यावर.

"पास झालीस ना गो?" मामीने पहिला प्रश्न विचारला.

"झाले."

"नोकरी?"

"मिळाली. सोमवारपासून."

मामीने दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं मोडली. रखमी मामीला हाक गेली. मामाने साखर आणली.

"आन नळ?" देवराम आजोबांनी विचारलं.

"आजोबा, नळाचा पेपर तपासलाच नाही त्यांनी."

आजोबांनी थोडा विचार केला. "असल. सायबांना तरी किती तपासायचे? पुढल्या साली बसवू त्याला परत."

कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. मामीने मला ओट्याच्या कडेला उभं केलं. "चप्पल काढ. नोकरीवाली भाची, तशीच कशी घरात घिऊ?" आणि तिने हंडा उचलला. तांब्या नाही, हंडा. वाटीवाटीने भरलेला.

"मामी, नको," मी म्हणाले.

"गप गो," ती म्हणाली आणि धार माझ्या पायांवर सोडली. मामा वाकून माझी पावलं धूत होता, टाचांची माती चोळून काढत होता. पाणी गार होतं आणि मला फार लाज वाटत होती. मी पाय मागे घेतले नाहीत, कारण भाचीने पाय मागे घेतले तर मामाला पाप लागतं. हंडा रिकामा होईपर्यंत मी उभी राहिले.