उजवीकडून चालणारी लाल मोटार

मी एक जुनी लाल मोटार आहे, पण मित्रांनो, माझ्या टाकीत आजवर पेट्रोलचा एक थेंबही पडलेला नाही. मला रस्त्यावर शोधायला जाऊ नका, सापडायची नाही. मी संगणकावरच्या खेळातली मोटार आहे. माझं सगळं आयुष्य काचेच्या आत गेलं. म्हणून मला कमी मात्र लेखू नका. माझा रंग असा होता की बघणाऱ्यानं दोनदा बघावं.

माझा जन्म दूर परदेशात झाला. मला पत्रा लागला नाही की लोखंड लागलं नाही. काही हुशार माणसांनी मला आकड्यांतून आणि रंगांतून घडवलं. नुसती मोटार करून ती थांबली नाहीत. माझ्यासाठी त्यांनी अख्खं शहर उभं केलं. त्यात समुद्र होता, पूल होते, बोगदे होते, डोंगरावर चढत जाणारा वळणांचा रस्ता होता आणि दिवस मावळला की आपोआप लागणारे दिवे होते. खेळाला गोष्टही होती. नोकरी गेलेला एक तरुण या शहरात येतो. एक गॅरेजवाला त्याला जुनी मोटार देतो, ती मी. मग तो गॅरेजवाला फोनवरून एकेक काम सांगतो. सामान वेळेत पोचव, शर्यत जिंक, पळणाऱ्या गाडीला गाठ. कामं झाली की शहराचा पुढचा पूल उघडतो. पण खेळाची खरी गंमत निराळीच होती. काम केलं नाही तरी चालायचं. वाटेल तिकडे वळा, वाटेल तेवढं भटका, कुणी विचारत नसे. घरी आणून मला उभी केली की तिथवरचा प्रवास जपून ठेवला जाई. आणि कितीही आपटले तरी गॅरेजात शिरताच मी पुन्हा कोरी करकरीत होत असे.

दोन हजार सहाच्या सुमाराला मी एका तबकडीत बसून वारंगा फाट्यावर आले. फाट्यावर ओमप्रकाशचं दुकान होतं. तो जवळच्याच तांड्यावरचा. झेरॉक्सच्या यंत्राशेजारी त्यानं खेळासाठी संगणक मांडला होता आणि नांदेडहून प्लास्टिकचं स्टेअरिंग आणि पायाखालची पॅडल आणली होती. जीपची वाट बघणाऱ्या लोकांना खेळ दिसावा म्हणून संगणकाचं तोंड त्यानं दाराकडे केलं होतं. त्यामुळे लोकांना मी दिसायची आणि मला समोरचा जीपचा अड्डा दिसायचा.

पोरांनी मला डोक्यावर घेतलं, आणि भिंतीवरही घेतलं. एकेकजण मला असा दामटायचा की बघवत नसे. खांब पाड, फूटपाथवर चढव, पोलीस मागे लागले की पुलावरून थेट समुद्रात उडी. मला राग यायचा, पण कौतुकही गोड लागायचं. "लाल गाडी मला, लाल गाडी मला," म्हणून भांडणं व्हायची. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा फार शेफारले होते.

अड्ड्यावर ओमप्रकाशच्या मोठ्या भावाची, प्रेमदासची जीप उभी असे. पूर्वी ती दिवसभर डोंगरकडा गावाच्या खेपा मारायची. मग एकदा चाक बदलताना जॅक घसरला आणि प्रेमदासच्या उजव्या पायाचा गुडघा कायमचा आखडला. ब्रेक दाबणार कोण? जीप बसून राहिली. गाडी विकायची आणि दिवाळीनंतर तांड्यातल्या इतरांसारखं ऊसतोडीला जायचं, असं घरात ठरत आलं होतं. तसं झालं असतं तर त्यांच्या मुलीची, पुजाची शाळा सुटली असती. ती चौथीत होती, आणि कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहायचं, तिथं शाळा नसते.

प्रेमदासची बायको संगिता म्हणाली, "मी चालवते जीप." लोक हसले. प्रेमदास हसला नाही. त्यानं तांड्याजवळच्या माळावर तिला क्लच, गिअर, ब्रेक सगळं शिकवलं. हिंगोलीला जाऊन तिनं परवानाही काढला, कारण तिथल्या मैदानावर समोरून कुणी येत नव्हतं. खरी पंचाईत रस्त्यावर झाली. समोरून गाडी आली की संगिता डोळे मिटून घ्यायची.

तेव्हा ओमप्रकाश म्हणाला, "वहिनी, दुपारी पोरं शाळेत असतात तवा दुकानात या. इथं डोळे मिटले तरी कोनी मरत न्हाई."

अशी ती माझ्याकडे आली. पदर खोचून बसली आणि स्टेअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला. मला तोवर कुणी नमस्कार केला नव्हता. पहिल्या दिवशी समोरून ट्रक आला आणि तिनं डोळे मिटले. आम्ही दोघी धडकलो. तिनं डोळे उघडले, मी चेपलेली, पण ती साबूत. ती स्वतःशीच हसली. हळूहळू डोळे उघडे राहू लागले. ती मला कुठंच घासू देत नसे. माणूस रस्ता ओलांडत असला की थांबायची, वळणावर भोंगा वाजवायची, आणि दुपारची लाइट जायच्या आत मला न चुकता घरी आणून लावायची.

मध्येच गॅरेजवाल्याचा फोन वाजायचा.

"हा कोन ओरडून राहिला?" तिनं विचारलं.

"काम सांगून राहिला, वहिनी. ते केलं की पुढचा पूल उघडते."

"त्याला म्हणावं, माझं काम येगळं हाय."

मी खूश होते. मला वाटलं, मी हिला शिकवलं. आणि एके दिवशी ती ओमप्रकाशला म्हणाली, "भावजी, उद्या जीप रोडवर काढून राहिलो आमी." ती उठून गेली, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मित्रांनो, माझं शहर परदेशातलं. तिथं सगळे रस्त्याच्या उजव्या अंगानं गाडी चालवतात. महिनाभर मी तिला उजवीकडूनच चालवत होते! तिला कसं सांगू? मला आवाज म्हणून एक भोंगा, आणि तोही दुसऱ्या कुणी दाबला तर वाजणार.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास कुबडी आपटत दुकानात शिरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ओम्या, तुह्या या डब्यानं आज दोघांचा जीव घेतला असता!"

"काय झालं, दादा?"

"डोळे न्हाई मिटले तिनं. टक्क उघडे ठेवून उजव्या बाजूनं चालली, सरळ ट्रकसमोर! मी म्हणलं डावीकडं घे, तं म्हणे, बराबर चालली मी. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलो. आता बस झालं. लालसिंगला निरोप धाड, म्हणावं ये अन् जीप घेऊन जा."

लालसिंग म्हणजे हिंगोलीकडच्या गोरेगावचा जीपवाला. तो कधीपासून गाडीवर डोळा ठेवून होता. त्या दिवशी माझा रंग मला नकोसा झाला.

पुढच्या दुपारी संगिता दारात उभी. ओमप्रकाश गोंधळला. "वहिनी, आता काहून आल्या?"

"जिथं वाकडं शिकली तिथंच सरळ करते, भावजी. लावा तुमची गाडी."

तिनं पुजाची लाल रिबीन डाव्या मनगटाला बांधली होती. रिबीन ज्या अंगाला, गाडी त्या अंगाला. आणि तिनं मला माझ्याच शहरात डावीकडून हाकायला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला! शहरातली एकूण एक गाडी माझ्या अंगावर धावून आली. दिवे फुटले, दार लोंबलं, बोनेटमधून धूर निघाला. ती गॅरेजात नेई, नीट करी आणि पुन्हा डावीकडे घाली. प्रत्येक वळणावर पुटपुटायची, "डावीकडं, माय, डावीकडं." मी मनात म्हणत होते, आपट मला, हवी तेवढी आपट, पण विसरू नको. रोज दुपारी हेच चाललं. शेवटी शेवटी ती समोरच्या सगळ्या गाड्यांना चुकवत, डावं अंग न सोडता मला घरी आणू लागली.

मग लालसिंग आला. जीप अड्ड्यावर, अगदी माझ्या समोर उभी होती. तो चाकं बघत होता, टायरांना लाथ मारत होता. संगिता पुढे झाली.

"लालसिंगदादा, गाडी चालवून पाहाल ना? बसा. डोंगरकड्याला जाऊन येऊ. मी चालवते."

"मी न्हाई बसत बाप्पा," लालसिंग हात जोडून म्हणाला, "मला लेकरं हायत." अड्डा खो खो हसला.

संगिता प्रेमदासला म्हणाली, "तुमी बाजूला बसा. चुकली तं हाक मारा. आज चुकली, तं मीच किल्ली देते दादाला." तो तिच्या मनगटावरच्या रिबिनीकडे बघत राहिला. मग कुबडी आत टाकून तो बाजूला बसला. बाकी सगळी जीप रिकामी. कुणी जवळ येईना.

तेवढ्यात भाजीची टोपली घेऊन भागूबाई आली. तिला बाजार गाठायचा होता.

"डोंगरकडा का?"

"मावशी, बाई चालवणार हाय," कुणीतरी बजावलं.

भागूबाईनं वाकून संगिताचं तोंड नीट पाहिलं. "मग काय झालं? ही तं शुद्धीत दिसून राहिली. तुमच्यातले कितीक असतात?" आणि टोपली आत सरकवून ती मागच्या बाकावर बसली. "चल माय, उशीर हून राहिला."

आणखी दोघीतिघी चढल्या. जीप हलली, रस्त्याला लागली आणि डावं अंग धरून निघाली. दाराच्या चौकटीत दिसत होती तोवर मी बघत होते. मग नुसती वाट बघणं उरलं. मित्रांनो, तेवढा जीव माझा कुठल्याच शर्यतीत टांगणीला लागला नव्हता.

जीप परत आली तेव्हा टपावरसुद्धा गाठोडी होती. प्रेमदास उतरला आणि लालसिंगला म्हणाला, "दादा, गाडी विकायची न्हाई. पुढच्या खेपेला बसायचं असंल तं जागा धरून ठेवतो." पुजा त्या दिवाळीनंतरही शाळेतच गेली.

संगिता पुन्हा माझ्याकडे आली नाही. तिला वेळच कुठं होता? पुढे पोरांना नवे खेळ मिळाले, मोबाइल आले, माझ्या तबकडीवर चरे पडले आणि ओमप्रकाशनं मला खणात टाकून दिलं. आधी मी रुसले. मग समजलं की तिनं न येणं हीच माझी शाबासकी होती.

मित्रांनो, मला शेकडो हातांनी चालवलं. मला उलटी केली, समुद्रात बुडवली, तरी मी पुन्हा उभी राहिले, कारण माझ्या आत कधीच कुणी बसलेलं नव्हतं. तुम्ही मोठे व्हाल, खरी गाडी हातात घ्याल. तेव्हा एखादी भागूबाई वाकून तुमचं तोंड बघेल आणि टोपली सावरत मागे बसेल. असा भरवसा माझ्या वाट्याला आला नाही. तुमच्या वाट्याला येईल. तेवढा जपा.