दांडीला लावलेलं ग्रीस

लिफ्टवाल्याच्या डोक्यात कार्बनची हलकी सायकल शिरली आणि घरातल्यांचं खाणंपिणं अवघड झालं. तशी सायकल त्याच्याकडे होती. अ‍ॅल्युमिनियमची, जुनी, पण ठणठणीत. दर रविवारी तिच्यावरूनच क्लबाबरोबर जायचा. पण आता जेवायला बसला की आधी ताटली हातावर तोलून बघायचा. चमचा बोटावर तोलायचा. एकदा बायकोने पातेलं पुढे केलं तर म्हणतो, हे रिकामं असेल ना, तेवढ्याच वजनाची ती फ्रेम असते बघ. बायको म्हणाली, मग पातेल्यावरच बसून जा.

सायकलींच्या दुकानातल्या त्याच्या खेपा काही संपेनात. तीन गोष्टी होत्या त्याच्या मनात. एक होती चढासाठीची, हलकी, अंग अगदी पुढे झोकून बसावं लागे अशी. दुसरी जरा ऐसपैस, लांब पल्ल्याची. आणि तिसरा विचार असा, की सायकल जुनीच ठेवायची आणि चाकं तेवढी कार्बनची घालायची. सकाळी पहिली पक्की व्हायची, दुपारी दुसरी, आणि संध्याकाळी हा परत दुकानाच्या दारात उभा. दुकानदार मोठा शांत माणूस. तोही शेवटी शटर अर्धं खाली ओढून आतून बघायला लागला, की हा गेला का.

एवढी घालमेल कशासाठी? तर टाकीच्या चढासाठी.

शहराबाहेर पूल ओलांडला की एक टेकडी आहे, वर पाण्याची टाकी. क्लबाची फेरी तिथपर्यंत. पूर्वी लिफ्टवाला घोळक्यातच वर पोचायचा, गप्पा मारत. गेल्या काही महिन्यांपासून शेवटच्या वळणावर त्याचं घोडं अडायला लागलं. घोळका पुढे निघून जायचा आणि हा एकटा धापा टाकत मागे. आणि वर कोण थांबलेलं असायचं? व्याही.

व्याही चष्म्याच्या दुकानाचे मालक. लिफ्टवाल्याची लेक त्यांच्या मुलाला दिलेली. माणूस देव, पण फार सभ्य. बाटली हातात घेऊन टाकीपाशी उभे राहायचे आणि हा आला की म्हणायचे, "आलात? छान." बास, एवढंच. पण ते छान लिफ्टवाल्याला आठवडाभर टोचत राहायचं. लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खोल बोगद्यात दोराला लोंबकळताना मध्येच बोलायचा, छान म्हणे. खाली उभा असलेला जोडीदार विचारायचा, काय छान? हा म्हणायचा, काही नाही, तू तुझं बघ.

त्यात क्लबाच्या कॅप्टनबाईंनी नवीन काढलं. या बाई दातांच्या डॉक्टर, दुखलं तरी हलू देत नाहीत. त्यांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून दोन तुकड्या. जे या रविवारी घोळक्याबरोबर टाकीपर्यंत येतील ते पुढच्या तुकडीत. बाकीच्यांची तुकडी वेगळी, रस्ता वेगळा, वेळही वेगळी. म्हणजे व्याही एकीकडे आणि हा दुसरीकडे. लेकीच्या लग्नानंतर या दोघांनी जो काही घरोबा जमवला होता तो सगळा सायकलीवरच. घरी भेटले की नुसतं अहो-जाहो आणि बसा-उठा. मोकळा वारा फक्त रविवारी. तो गेला की उरलं काय? आणि लिफ्टवाल्याला स्वतःलाही खरं तर तेच खात होतं, की आपल्याला कुणी ओवाळून टाकलेल्या माणसांत बसवू नये.

दुकानदाराने शेवटी हात जोडले. म्हणाला, ही हलकीवाली घेऊन जा, रविवारी चालवा, मग बोलू. सीटची उंची त्याने मापून दिली, सीटच्या दांडीवर पट्टी चिकटवून खूण केली. वर बजावलं, पहिल्यांदा जरा वेगळं वाटेल, अंगाला सवय होऊ द्या. आणि कशाला हात लावू नका, बोल्ट जोरात आवळला तर कार्बन तडकतं.

आता लिफ्टवाल्याला हात लावू नका म्हणणं म्हणजे लहान पोराला जिन्यावर नीट बस म्हणण्यासारखं. शनिवारी त्याने सायकल घरात घेतली, भिंतीला टेकवली, समोर बसला, उठला, परत बसला. बायको म्हणाली, नवरी बघायला आल्यासारखे काय करता. शेवटी त्याला राहवेना. सहज म्हणून सीटची दांडी बाहेर काढून बघितली, तर आत कोरडी. कोरडी म्हणजे काय, चांगली खरखरीत. बारीक वाळूसारखं काहीतरी चिकटलेलं होतं सगळीकडे.

त्याचं टाळकंच सरकलं. एवढी महागाची सायकल आणि आत माती! अख्खं आयुष्य त्याचं लिफ्टच्या रुळांना तेल देण्यात गेलेलं. जी वस्तू दुसरीत सरकते ती कोरडी ठेवायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने चिंधी घेतली, दांडी पुसली, ती जिच्यात बसते ती नळी आतून पुसली, ती वाळू कणभर राहू दिली नाही. पट्टीही निघाली, निघू दे म्हणाला. मग कामाच्या पेटीतलं चांगलं ग्रीस काढलं, मोठ्या इमारतीसाठी राखून ठेवलेलं, आणि बोटाने सगळीकडे प्रेमाने फासलं. दांडी अशी अलगद आत गेली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. वीतभर आणि चार बोटं असं माप धरून सीट लावली. बोल्ट मात्र भीत भीत आवळला, तडकण्याच्या धास्तीने.

रविवारी सकाळी सायकल बघून सगळा क्लब भोवती जमा झाला. कुणी टायर दाबून बघतंय, कुणी एका बोटावर उचलतंय. व्याही लांबूनच म्हणाले, "वा, शोभते तुम्हाला." लिफ्टवाला लाजला.

सपाटीवर ती सायकल काय पळाली! पायात कुणीतरी दुसराच माणूस बसवल्यासारखी. पुलापर्यंत तो पुढच्या रांगेत होता, व्याही त्याच्या मागच्या चाकाला. ठरलं त्याच्या मनात, हीच घ्यायची. पण पुलाच्या खडबडीत फरश्यांवरून गाडी गेली आणि त्यानंतर कुठेतरी मजा गेली. मांड्या भरून यायला लागल्या. गुडघे पोटाला लागतायत असं वाटायला लागलं. हँडल आपलं वर वर चाललंय असं वाटलं. तो मनाशी म्हणाला, वेगळं वाटेल म्हणालाच होता दुकानदार, अंगाला सवय होऊ दे. मग टाकीचा चढ लागला आणि सवयबिवय सगळी विसरला. पहिल्याच वळणावर घोळक्याच्या मागे पडला. नेहमी निदान शेवटच्या वळणापर्यंत तग धरायचा. आज लहान मुलाच्या तीनचाकीवर बसल्यासारखा गुडघे फाकवून पाय मारत होता, आणि डोळ्यांपुढे काजवे.

वर पोचला तेव्हा सगळे पाणी पिऊन, फोटो काढून मोकळे झालेले. कॅप्टनबाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि दात काढायच्या आधी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाल्या, की मागची तुकडीही छान आहे, निवांत असते. मग सगळे खाली चहाच्या टपरीकडे निघून गेले.

व्याही तेवढे थांबले. बाटली हातात. "आलात?" म्हणाले, आणि या वेळी पुढचं छान त्यांच्या तोंडून निघेना. चष्मा काढून पुसत बसले. पुसलेला परत पुसला.

लिफ्टवाल्याने सायकल कठड्याला टेकवली. म्हणाला, ही सायकल भिकार आहे. उद्या परत करतो. आणि सायकल तरी काय करणार, आमच्यातच राम उरला नाही. पुढच्या रविवारपासून आम्ही येत नाही. तुम्ही आमच्यासाठी थांबू नका, घरी कधीतरी या, बसू.

व्याह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "तुझी सीट खाली गेलीय."

सीटचं राहिलं बाजूला. अरे! आणि वर गाढव! सुनेच्या बापाला, खुद्द व्याह्याला! व्याह्यांचे कान लाल झाले. पण सुटलेला शब्द आता कुठे परत घेणार.

लिफ्टवाल्याने वळून सीटकडे बघितलं. वीतभर कसली, धड चार बोटंही उरली नव्हती.

"कधीपासून?"

"पुलापासून. फरश्यांवर धक्का बसला आणि हळूहळू उतरायला लागली. मी मागेच होतो ना. पहिल्या मजल्यावरून तळमजल्याला चालल्यासारखा दिसत होतास."

"आणि तुम्ही बघत बसलात? बोलला नाहीत?"

"कसा बोलणार?" व्याह्यांचा आवाजच चढला. "मागे तुझ्या चेनचा आवाज येतोय एवढं म्हणालो होतो. एवढंच. ते तू घरी सांगितलंस, तुझ्या बायकोने लेकीला सांगितलं, तिने माझ्या मुलाला, आणि मुलगा मला म्हणतो, बाबा, तुम्ही तिच्या वडिलांना का टाकून बोलता. घरात कुणी माझ्याशी नीट बोलेना. तेव्हापासून मी सायकलीच्या बाबतीत मिठाची गुळणी धरलीय. मला वाटलं, हीच नवीन पद्धत असेल बसायची. विचारायचं धाडस झालं नाही."

लिफ्टवाल्याला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. त्याने सीटखालच्या पिशवीतून पान्हा काढला, बोल्ट सैल केला आणि दांडी ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली, चकचकीत, ग्रीसने माखलेली.

व्याह्यांनी विचारलं, हे काय. लिफ्टवाल्याने सांगितलं, ग्रीस. चांगल्यातलं आहे. आतली वाळू पण काढली सगळी. आणि हे सांगता सांगताच त्याच्या तोंडाचा रंग उडाला. कारण लिफ्टमध्ये रूळ असतात आणि ब्रेकही असतो. रुळाला तेल द्यायचं, ते सरकण्यासाठी. ब्रेकला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, तो धरून ठेवण्यासाठी असतो. कुणी शिकाऊ पोराने ब्रेकला ग्रीस लावलं असतं तर यानेच त्याला बाहेर काढलं असतं. ही दांडी सरकायची वस्तूच नव्हती. ती वाळू दुकानदाराने मुद्दाम लावली होती, दांडी धरून ठेवायला. आणि याने ती घासून घासून पुसली होती.

तो कठड्यावर बसला आणि म्हणाला, "मी रूळ समजलो."

व्याही हसायला लागले ते थांबेचनात. मग खिशातून चष्मा पुसायची फवाऱ्याची बाटली आणि मऊ फडकं काढलं. दोघांनी मिळून दांडी पुसली, नळी पुसली, परत पुसली, फडक्याची पार वाट लागली. सीट वर घेतली. बोल्ट आवळताना लिफ्टवाल्याचा हात परत भ्याला, तर व्याही म्हणाले, आवळ अजून जरा, एवढा नाजूक नसतो तो, माझीही कार्बनचीच, तिचा कालच आवळलाय.

मग दोघे टेकडीच्या पायथ्याशी उतरले आणि परत वळले. थकलेल्या पायांनी शहाण्या माणसाने हे करू नये. पण लिफ्टवाल्याला कळल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि व्याह्यांनाही आता राहवत नव्हतं. ते पुढे, हा मागच्या चाकाला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. व्याही मान न वळवता बोलत होते, चल रे, मान खाली घाल, गियर हलका कर, अरे खांदे काय हलवतोस. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. लिफ्टवाल्याला एकदाही राग आला नाही. राग यायला लागणारा दमच शिल्लक नव्हता.

शेवटच्या वळणावर तो मागे पडला. सायकलभर अंतर पडलं, मग दोन सायकलींचं. व्याही थांबले नाहीत. मागे बघितलंही नाही. लिफ्टवाला त्यांच्या पाठीकडे बघत, दातओठ खात वर आला, तर व्याही बाटली घेऊन उभे नव्हते. कठड्यावर ओणवे होऊन ओकारी दाबत होते. मग हाताने सायकलीकडे खूण केली आणि म्हणाले, ही मागे लागली की जीव घेते.

टपरीवर सगळे अजून बसलेले होते. लिफ्टवाला सरळ कॅप्टनबाईंपुढे गेला. व्याही मध्ये पडून सांगणार होते, की धक्का बसून सीट उतरली. तेही खरंच होतं. पण त्याने हातानेच त्यांना गप्प केलं.

"बाई, मी सीटच्या दांडीला ग्रीस लावलं होतं."

आधी कुणाला कळलं नाही. मग एकाला कळलं, त्याच्या नाकातून चहा बाहेर आला. कुणी म्हणालं, लिफ्टवाल्याने लिफ्टच बसवून घेतली. कुणी विचारलं, कुठल्या मजल्यावर उतरलात. तो उभा राहून सगळं ऐकत होता, आणि गंमत म्हणजे त्याला तितकंसं वाईट वाटत नव्हतं. व्याही मधूनच म्हणाले, की याला मागच्या तुकडीत टाकायचं असेल तर मलाही टाका, आणि हा काही माझा मोठेपणा नाही, आत्ता वर माझं आतडं बाहेर यायचं राहिलं. बाईंनी दोघांकडे नीट बघितलं, पेशंटकडे बघतात तसं. म्हणाल्या, पुढच्या रविवारी दोघंही परत या, घोळक्याबरोबर टाकीपर्यंत चढून दाखवा, मग ठरवते. आणि दांडी कोरडी ठेवून या.

मग त्यांनी सहजच विचारलं, की सायकल कशी वाटली.

"सायकल चांगली आहे," लिफ्टवाला म्हणाला. "हीच घेतो."

कुणीतरी त्याच्या हातात चहाचा कप दिला होता. त्याने एक घोट घेतला आणि कप तसाच फळीवर ठेवला. सायकलींचं दुकान रविवारी दुपारी बंद व्हायचं. उद्यापर्यंत कुणी दुसऱ्याने हिचे पैसे भरून ठेवले तर? शिवाय ती वाळू परत लावून घ्यायची होती, आणि ती का लागते हे दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ओरडाही खायचा होता, तो आजच खाल्लेला बरा. हेल्मेटचा पट्टा लावता लावता तो सायकलीवर बसलासुद्धा.

"अरे, चहा तरी संपव," व्याही मागून म्हणाले.

तो पुलापाशी पोचला होता.